पाटीचा उडालेला कोपरा

"जादूटोणा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, भरवशाचा नव्हे!" मातीमास्तर दरवर्षी पहिल्या तासाला ठणकावून सांगत. मातीच्या पाट्यांवर खिळ्यांसारख्या खुणांत कोरलेले प्राचीन मंत्रतंत्र वाचण्यात त्यांची हयात गेली, म्हणून हे नाव. बायकोने साधं स्वप्न सांगितलं, तरी ते तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचे!

त्याच मातीमास्तरांना संचालकांचं बोलावणं आलं. विद्यार्थी नाहीत, तेव्हा विभाग बंद! आज सही होणार. या संचालकांना हसताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. मास्तरांना नेमकी एक पाटी आठवली: रागावलेल्या साहेबापुढे जाण्याआधी तेल मंत्रून तोंडाला लावावं, म्हणजे 'रागावलेला मला पाहून हसेल'.

"नुसता प्रयोग म्हणून हं," ते आरशाला म्हणाले. आरशाला काही ते पटलं नाही.

पंचाईत एकच होती. तेलाचं नाव होतं, तिथेच पाटीचा कोपरा उडालेला! पण उडालेले कोपरे अंदाजाने भरणं हेच तर मास्तरांचं काम. 'तेल उग्र असावं,' असा निष्कर्ष काढून त्यांनी बायकोच्या कपाटातली बाटली उचलली, मंत्र पुटपुटला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तेल चोपडलं.

संचालकांच्या दारापर्यंत छान गार वाटत होतं. खुर्चीत टेकले मात्र, तोंडाची आग आग झाली! डोळ्यांतून धारा लागल्या!

"अहो सर, रडताय काय?" संचालक हबकले. "इतका जीव आहे तुमचा विभागावर? खरंच, तुमच्यासारखा सरळ माणूस नाही पाहिला मी. कुणाची हांजी हांजी नाही, कसला आडमार्ग नाही!"

धरणीने पोटात घ्यावं, असं मास्तरांना झालं. संचालकांनी जवळ येऊन रुमाल दिला आणि त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"हा वास तर आमच्या आईच्या गुडघ्यांच्या तेलाचा!"

"हो, साहेब."

"तोंडाला?"

'सरळ माणूस' ऐकल्यावर थाप मारायला जीभ वळेना. मास्तरांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मंत्र, कोपरा, बाटली, सगळं.

संचालकांचे खांदे हलले. मग ते टेबलावर डोकं टेकून असे हसले, की बाहेरचे कारकून उठून उभे राहिले! हसता हसताच त्यांनी विभाग बंद करायचा कागद फाडला. "चालू द्या तुमचं! फक्त एक करा. पुढच्या आठवड्यात मला वरच्या साहेबांनी बोलावलंय. तो मंत्र तेवढा..."

"साहेब, तसलं काही नसतं हो!" मास्तर कळवळून म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना खोटा वाटला.

घरी बायको जवळजवळ रिकामी बाटली हातात धरून उभी. "गुडघे दुखतात तर सांगायचं नाही का? आणि विभागाचं काय झालं?"

"वाचला."

"वाटलंच मला! काल चांगलं स्वप्न पडलं होतं. सांगितलं असतं, तर व्याख्यान दिलं असतंत."

बाटलीच्या तळाचं तेल ती त्यांच्या धडधाकट गुडघ्यांना चोळू लागली. मास्तरांनी दुसरा गुडघाही पुढे केला. व्याख्यान काही त्यांनी दिलं नाही.