बुलान एअरचे अठरा गैरहजर

"नाव?" धावपट्टीवरच्या शेडमध्ये तिकिटांच्या टेबलामागून सुपांगनं विचारलं.

पुन रिबू बघतच राहिला. ही त्याच्या सख्ख्या भावाची पोर, त्याच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झालेली. "तुला माहीत नाही होय गं?"

"मला आहे हो काका. कंपनीला हवंय."

"लिही. पुन रिबू."

सुपांगनं यादीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला. तिकीट महिन्यापूर्वीचं, बालांग या नावाचं. मध्यंतरी पहिला नातू झाला आणि आजोबा झालेल्या माणसानं जुनं नाव टाकून नवं घ्यायचं, ही या डोंगरातली रीत. चार दिवसांपूर्वी दोन रेडे कापून, चारशे माणसं जेवू घालून नाव बदललं होतं.

"आजच्यापुरतं बालांग म्हणा ना, काका."

"वेडी का काय तू? लोकांनी खाल्लेले रेडे परत उठून उभे राहणार आहेत का?"

आता आली का पंचाईत! कारण विमानात तर बसायचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी बुलान एअरचं पहिलं विमान उतरलं तेव्हा अख्खं पा रेमांग गाव आ वासून उभं होतं. ती धावपट्टी पुन रिबूनं पोरवयात बापाबरोबर कुदळीनं सपाट केलेली, पण तोवर रिकामीच पडलेली. मग दुसरं विमान आलं, रोजच्या फेऱ्या, शहरात ऑफिस, काय तो थाट! आणि आता बघा. एक विमान थकलं, दुसरं भाड्याचं होतं, ते मालकानं परत मागितलं. आज शेवटची फेरी. पुन रिबू एकदाही बसला नव्हता. दर वेळी कुणी आजारी निघे, कुणी बाळंतीण, आणि हा आपली जागा देऊन मोकळा. बापाची धावपट्टी एकदा वरून बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

"भांडत काय बसलात?" बहीण पुढं सरसावली. "माझं लिही. दोओ उलुन."

तेही यादीत नव्हतं. त्याच मेजवानीत सगळ्या भावकीनं नावं बदलून हात धुऊन घेतले होते. यादीत अठरा नावं, शेडमध्ये अठरा माणसं, आणि एकाचा एकाला मेळ नाही.

सुपांगनं शहरातल्या ऑफिसात फोन लावला.

"म्हणजे कुणीच आलं नाही," साहेब म्हणाले. "अठरा गैरहजर लिहा, विमान रिकामं पाठवा."

"अहो, सगळे माझ्या डोक्यावर बसलेत!"

"मग नावं दुरुस्त करा. पण नाव बदलताना हजर होतो, अशी कॅप्टनची सही हवी."

कॅप्टन सरळ माणूस. "मी कुठं हजर होतो? खोटी सही नाही करणार."

पुन रिबूचा चेहरा एवढासा झाला. मग त्यानं बोचकं सोडलं आणि पानात बांधलेला भात अन् धुरावलेलं डुकराचं मांस कॅप्टनपुढं धरलं. "खा."

"आत्ता?"

"आमच्यात जेवला तो साक्षीदार. आता पुन्हा बदलतो नाव, तुमच्यासमोर."

झालं! अठरा बोचकी सुटली. सुपांग जुनं नाव पुकारी, मग नवं. सगळे "हो" म्हणत. कॅप्टन घास खाऊन तेलकट बोटांनी सही करी. चौदाव्या सहीला त्यानं पट्टा सैल केला. "अजून किती?"

"चारच. पण माझी बहीण आग्रह फार करते."

शेवटी वजन झालं. सामानाचं घटलं होतं, कॅप्टनचं वाढलं होतं, बेरीज तीच. विमान उठलं.

पुन रिबूनं काचेतून वाकून पाहिलं. खाली जंगल, जंगलापलीकडं जंगल, डोंगरांमागं डोंगर, ढग पायाखाली. आणि त्या सगळ्यात नखाएवढी एक रेघ.

"बाबांची," तो बहिणीला म्हणाला. "अगं, एवढ्या मोठ्या रानात एवढीशी जागा! त्या विमानवाल्यांना सापडली तरी कशी?" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. अठराही जण काचेला नाक लावून चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प होते.

बऱ्याच वेळानं दोओ उलुननं हळूच विचारलं, "दादा, परतीचं विमान कधी रे?"

बाकीच्या सोळा माना वळल्या. शहरात कुणाचंच काम नव्हतं. शेवटचं विमान रिकामं कसं जाऊ द्यायचं, म्हणून सगळे चढले होते.

"चालत," पुन रिबू काचेवरचं नाक न हलवता म्हणाला. "आठ दिवस लागतील. आता गप बस जरा, मला रस्ता नीट बघून घेऊ दे."