वर येण्याची तीन साधनं

बुडालेल्या जहाजावर डायव्हिंगला निघालेल्या बोटीतली शेवटची जागा आपलीच, असं लिफ्ट-तपासनिसांनी घरी जाहीर करून टाकलं. त्या जागेसाठी मेहुणाही होता आणि चाचणी व्हायची होती, पण ती त्याच्या समाधानासाठी. स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाशी स्पर्धा ती काय!

प्रशिक्षक बाईंचा नियम साधा होता. पाठीवर दोन पोलादी सिलिंडर असताना तरंगवणारी हवेची पिशवी फाटली, तर माणूस थेट तळ गाठतो. म्हणून वर यायला दुसरं साधन हवं: जादा पिशवी, नाहीतर आत हवा भरता येणारा ड्रायसूट. एकच घ्या, पण ते नीट वापरता आलं पाहिजे.

मेहुण्यानं दोन मिनिटांत पिशवी उचलली. तपासनीस तीन आठवडे तक्ते आखत बसले. जेवणाच्या टेबलावर पिशव्या, पंख्याला ड्रायसूट. बायको ताट मांडीवर घेऊन जेवायची.

"अहो, बाई एकच म्हणाल्या ना?"

"आणि ते एक फेल गेलं तर?"

बायकोनं ताट उचललं आणि आत जाऊन जेवली.

पोहण्याच्या तलावावर चाचणीला तपासनीस आले ते जादा पिशवी, ड्रायसूट आणि वर एक मोठा फुगा असा सगळा संसार अंगावर बांधून. त्यांना नुसतं बुडवायलाच सहा किलो शिसं जास्तीचं लागलं.

मेहुणा बटण जरा जरा दाबत, जिना चढावा तसा वर आला.

मग यांची पाळी. तळाशी बाईंनी खूण केली: पिशवी गेली. तपासनिसांनी जादा पिशवीचं बटण दाबून धरलं. हवा भरायला चार क्षण लागतात. पण यांनी दोन मोजले, साधन नापास केलं आणि ड्रायसूटचं बटण दाबलं. तोही ढिम्म. मग फुगा. आणि तिन्ही साधनं एकदम कामाला लागली.

आधी बूट पाण्याबाहेर आले. तपासनीस मागाहून आले.

बाई सावकाश वर आल्या. "काका, वर येणं उत्तम, थांबणं शून्य. समुद्रात खोलातून असे झपाट्यानं आलात तर रक्तात बुडबुडे होतात, थेट दवाखान्यात."

"पण तिन्ही चालली ना?"

"चालली. तेच लिहिलंय."

घरी बायकोनं विचारलं, "मिळाली का जागा?"

"मिळाली," तपासनीस म्हणाले, "वरची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे."

ते खोटं नव्हतं. बोटीत मेहुणा बसणार होता. यांनी बोटीपासून दहा हातांवर, तिन्ही साधनं फुगवून पाण्यावर पडून राहायचं होतं. खालून येणाऱ्यांना बोट कुठे आहे ते कळावं म्हणून.