फोन चालू करू नका!

चष्मेवाल्यांचा फोन बाथरूमच्या फरशीवर पडला, तो थेट डोक्यावरून.

"काय पडलं?" बाहेरून बायकोने विचारलं.

"काही नाही. फोन. हातातून सुटला."

"हात कुठे होता? आवाज तर माळ्यावरून डबा पडल्यासारखा आला!"

या प्रश्नाला चष्मेवाल्यांकडे उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. हात डोक्याच्या मागे, वर, जमेल तितका लांब नेलेला होता आणि चष्मेवाले स्वतःच्या टाळूचा फोटो काढत होते.

तसे चष्मेवाले छचोर नव्हते. पण चष्म्याच्या दुकानात चहूबाजूंनी आरसे. एकदा गिऱ्हाईकाला फ्रेम दाखवताना समोरच्या आरशातल्या आरशात त्यांना कुणा गृहस्थाची पाठमोरी टाळू दिसली. मधोमध चांगला बशीएवढा गोल. 'बिचारा!' असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. मग त्यांनी मान वळवली आणि त्या बिचाऱ्यानेही वळवली. तेव्हापासून रोज सकाळी दाराला कडी लावून फोटो काढायचा, कालच्या फोटोशी ताडून बघायचा आणि बशी वाढली की तशीच आहे यावर स्वतःशी वाद घालायचा, हा नेम सुरू झाला. फोनमध्ये टाळूच टाळू झाल्या होत्या. पावसाळी टाळू, उन्हातली टाळू, तेल लावलेली, न लावलेली.

आता फोनचा पडदा काळाठिक्कर पडला होता. चष्मेवाले न्याहारी अर्धवट टाकून दुरुस्तीच्या दुकानात पोचले.

दुरुस्तीवाल्याला सगळा बाजार 'फोनडॉक्टर' म्हणायचा, आणि तोही पेशंटशी बोलावं तसाच फोनशी बोलायचा. "अरेरे, कुठे पडलास रे बाबा?" असं म्हणत त्याने फोन उलटापालटा केला. "पडदा गेलाय. लॉकचा नंबर सांगा. चालू झाल्यावर तपासायला लागतो."

चष्मेवाल्यांना दुकान उघडायची घाई होती. त्यांनी नंबर सांगितला. यंत्राच्या घरघरीत डॉक्टरला ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितला. रांगेतल्या मागच्या बाईंनी तो डॉक्टरला तिसऱ्यांदा सांगितला. डॉक्टरने चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत लिहून तो फोनच्या पाठीवरच डकवला आणि फोन ट्रेमध्ये ठेवला. तिथे असे बरेच फोन आपापली गुपितं पाठीवर घेऊन पालथे पडले होते.

चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर एक आजी वाट बघत बसल्या होत्या. दुकान उघडून चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर तपासणीची जाडजूड गोल फ्रेम चढवली आणि भिंगं बदलता बदलता, उशीर का झाला ते सांगितलं.

"लॉकचा नंबर दिलात?" आजींनी विचारलं.

"द्यावाच लागतो. आता वाचा, खालची ओळ."

"अहो, खालची ओळ राहू द्या. ही म्हणजे घराची किल्ली देऊन वर कपाट कुठे आहे तेही सांगण्यातली गत झाली. आमच्या जाऊबाईंनी असाच फोन दिला होता दुरुस्तीला. परत आला, पण दुकानातली सगळी माणसं त्यांना बघून गालातल्या गालात हसायला लागली."

"का? काय होतं फोनमध्ये?"

"ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही," आजी गंभीरपणे म्हणाल्या.

जाऊबाईंचं काय असेल ते असो, आपलं काय आहे ते चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर फोन तपासणार. कॅमेरा चालतो का बघणार. कॅमेरा बघितला की फोटो उघडणार. आणि डॉक्टरच्या दुकानात अख्ख्या बाजाराची ऊठबस! उद्या चहावाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे आपल्याशी बोलताना नजर वर नेणार. त्यांनी भिंग उलटं बसवलं, मग काढलं, मग तेच परत उलटं बसवलं.

"आत्ता मला दिसणं बंद झालं," आजी म्हणाल्या.

"एक मिनिट हं आजी. बसा तशाच."

चष्मेवाले काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे धावले. फोन हरवला तर घरबसल्या पुसून टाकता येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. शोधाशोध करता ते पान सापडलं. त्यांच्या फोनचं नाव दिसलं, खाली लाल बटण दिसलं. त्यांनी श्वास रोखून दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: 'फोन सध्या बंद आहे. इंटरनेटशी जोडला जाताच त्यातला सर्व मजकूर पुसला जाईल.'

झकास! म्हणजे डॉक्टर फोन जिवंत करणार आणि त्याच क्षणी टाळूंचं विसर्जन होणार. चष्मेवाल्यांनी खबरदारी म्हणून आपलं खातंही कॉम्प्युटरवरून लॉगआउट केलं. कुणी बघायला नको. मग ते शीळ घालत आजींकडे वळले, तेवढ्यात दुकानाचा फोन खणखणला.

बायको होती. "अहो, फोन कधी मिळणार? रविवारी सगळे येतायत. दादासुद्धा तिकडून व्हिडिओवर येणार आहे."

"मिळेल की. पण फोनचं काय एवढं?"

"काय एवढं? अप्पांचं हसू त्यातच आहे ना!"

चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

अप्पा म्हणजे त्यांचे सासरे, निवृत्त न्यायाधीश. या माणसाला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते निकाल राखून ठेवल्यासारखे बसले होते. पण गेल्या वाढदिवसाला चष्मेवाले खुर्ची समजून केकवर बसले आणि अप्पा हसले. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खांदे गदागदा हलवत, लेकीच्या दंडाला धरून. ते हसू मेव्हणीने, हाताशी होता म्हणून, चष्मेवाल्यांच्याच फोनमध्ये टिपलं होतं. बायकोच्या दादाचा अजून विश्वास बसत नव्हता. 'दाखवाल तेव्हा मानीन,' असं तो परदेशातून म्हणत होता.

"तुझ्याकडे पाठवला होता ना मी तो व्हिडिओ?" चष्मेवाल्यांनी कसंबसं विचारलं.

"पाठवतो पाठवतो म्हणालात. का हो? आवाज का असा येतोय?"

"काही नाही. मी... जरा फोनडॉक्टरकडे जाऊन येतो." त्यांनी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर झडप घातली.

हुकूम मागे घ्यायला खातं उघडायला हवं होतं. खातं उघडायला कॉम्प्युटरने एक आकडा मागितला. 'सुरक्षेसाठी आपल्या मोबाइलवर आकडा पाठवला आहे.' तो मोबाइल डॉक्टरच्या ट्रेमध्ये पालथा पडला होता. स्वतःच्या घराला आतून कडी घालून स्वतः बाहेर उभं राहावं, तसं चष्मेवाल्यांचं झालं. त्यांनी डॉक्टरचा नंबर फिरवला.

"हां साहेब!" डॉक्टरचा उत्साही आवाज आला. "तुमचाच हातात घेतलाय. पडदा बसवला, आता चालू करून बघतो."

"नको! चालू करू नका!"

"अहो, घाई नाही म्हणता पण मला कळते ना तुमची अडचण. धंदेवाला माणूस फोनशिवाय कसा राहणार?"

"मी राहीन! मला फोन नको! दुरुस्त करू नका, बिघडलेलाच राहू दे!"

"काय? ऐकू येत नाही, यंत्र चालू आहे. या तुम्ही, आलात की चालू फोन हातात देतो!" आणि फोन बंद.

चष्मेवाले धावत सुटले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागून कुणीतरी त्यांचा सदरा धरून येतंय. आजी होत्या. नाकावर ती गोल फ्रेम, एका डोळ्यावर उलटं भिंग.

"आजी, तुम्ही कशाला आलात?"

"तुम्ही बसा म्हणालात आणि पळालात! हे नाकावरचं काढता येईना मला. आणि रस्ते दोन दिसतायत, कुठल्याने जायचं?"

"डावीकडच्या!" म्हणत चष्मेवाल्यांनी त्यांचा हात धरला आणि दोघं डॉक्टरच्या दारात थडकली.

डॉक्टरच्या हातात फोन होता. त्याचा पडदा लख्ख उजळला होता.

"चालू झाला!" डॉक्टर विजयी मुद्रेने ओरडला.

चष्मेवाल्यांनी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीवर दिवे लुकलुकणारी एक डबी दिसली. तिथून एक वायर खाली आली होती. त्यांनी सूर मारला आणि ती वायर भिंतीतून उपटली. दुकानातला पंखा थांबला, दिवा गेला, यंत्राची घरघर बंद पडली. ती डबी तेवढी आपली लुकलुकत राहिली.

"अहो, हे काय केलंत?"

"इंटरनेट! फोनला इंटरनेट लागू देऊ नका! अप्पांचं हसू पुसलं जाईल!"

डॉक्टरने वायर परत लावली, चष्मेवाल्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "फोनला कसलं इंटरनेट? सिमकार्ड हे बघा, ट्रेमध्ये काढून ठेवलंय. आणि दुकानाचं इंटरनेट मी पेशंटला देत नाही. आता नीट सांगा, कोणाचं हसू?"

चष्मेवाल्यांनी हकिकत सांगितली. का पुसायचं ठरवलं, एवढं मात्र गाळलं.

"मग सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "असाच वायर लावून व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊ." आणि चष्मेवाले 'मी करतो, मी करतो' म्हणेपर्यंत त्याने वायर लावली, भिंतीवरचा मोठा पडदा उजळला, आणि नेमकी त्याच क्षणी बायको दारात आली.

"काय झालं? फोनवर आवाज कसा येत होता तुमचा! म्हटलं बघावं तरी..."

ती थांबली. पडद्यावर ओळीने, वरपासून खालपर्यंत, टाळू होत्या.

आजींनी फ्रेम सावरत विचारलं, "चंद्र का हो?"

"मलाही सकाळी तेच वाटलं होतं," डॉक्टर म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे मी काही बघत नाही. तपासताना समोर येतं तेवढंच."

"सकाळी? म्हणजे मी फोन केला तेव्हा चालू झालेलाच होता?" चष्मेवाले किंचाळले.

"आधी दुकानातला दुसरा एक जुना पडदा लावून बघितला होता ना. पण साहेब, आपल्याकडून बाहेर काही जात नाही. शिंप्याशिवाय कुणाला बोललो नाही."

बायको पडद्याजवळ गेली. तिने पहिला फोटो पाहिला, मग एकदम शेवटचा पाहिला, मग मधले सगळे सावकाश पाहिले. चष्मेवाले जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांची बशी आता प्रत्यक्षच तिच्यासमोर होती.

"यासाठी रोज कडी लावत होतात?" तिने विचारलं. "मला वाटलं, पोट बिघडतंय. मी तुमच्या भाजीतलं तिखट कमी केलं!"

"तुला कसं सांगणार..."

"अहो, मी रोज तुमच्या मागे उभी राहून भांडी विसळते. मला दिसत नाही होय? सांगितलं असतंत तर मीच काढले असते फोटो. सरळ तरी आले असते."

व्हिडिओ सापडला. बायकोने तो आपल्या फोनवर घेतला, दोनदा लावून बघितला आणि मेव्हणीलाही पाठवला. डॉक्टर म्हणाला, "आता हे सिम बाईंच्या फोनमध्ये घाला. आकडा येईल, पुसण्याचा हुकूम रद्द करून टाका."

बायकोने पडद्याकडे एकदा पाहिलं. "कशाला? होऊ दे पुसणं."

"एक ठेवला तर?" चष्मेवाले हळूच म्हणाले. "ताडून बघायला?"

एकही ठेवला नाही. डॉक्टरने फोनला इंटरनेट दिलं आणि बघता बघता तो नवा कोरा झाला. चष्मेवाल्यांनी आजींना दुकानात परत नेलं आणि खालची ओळ वाचून घेतली.

रविवारी घर भरलं. दादा परदेशातून पडद्यावर आला. व्हिडिओ लागला. चष्मेवाले केकवर बसले आणि अप्पा हसले. दादा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "हे अप्पाच आहेत?" मुलं लोळून हसत होती, मेव्हणी परत परत लावत होती. सगळ्या खोलीत फक्त अप्पा ताठ बसून स्वतःला हसताना बघत होते.

"हे कुणी चित्रित केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मेव्हणी म्हणाली.

"कुणाच्या परवानगीने?"

मेव्हणीने व्हिडिओ थांबवला. अप्पा उठले, काठी घेतली आणि आतल्या खोलीकडे निघाले. दारात थांबून, मागे न बघता म्हणाले, "जावईबापू, जरा आत या."

बायकोने नवऱ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. चष्मेवाले शिक्षा ऐकायला आत गेले.

अप्पा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून स्वतःचा जुना फोन काढला आणि घसा खाकरला.

"याचं चार्जिंग होत नाही. उद्या दुरुस्तीला द्यायचा म्हणतात सगळे." त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. "तुम्हाला ते पुसणं जमतं, असं कळलं."

"जमतं, अप्पा. पण आधी बघून घेऊ, काय काय ठेवायचंय..."

"बघायचं नाही," अप्पा घाईघाईने म्हणाले आणि फोन छातीशी धरला. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "न बघता पुसता येतं का?"

चष्मेवाल्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी आधी दाराला आतून कडी लावली.