'निघते' म्हणणाऱ्यांचं घर

मला यंत्रांतलं कळतं की नाही, याबद्दल आमच्या घरात मतभेद होते. मी हो म्हणायचो, बायको नाही म्हणायची. ताईचं घर स्वयंचलित करायला घेतलं तेव्हा हा प्रश्न कायमचा निकालात निघणार, अशी माझी खात्री होती. निघालाही.

ताई माझ्याहून मोठी. एका दुखण्यात तिचे पाय चालेनासे झाले आणि बोटांतला जोर गेला. जिभेतला वाढला. पुनर्वसन केंद्राने तिला तळमजल्यावरचं एक घर महिनाभर राहून बघायला दिलं होतं. एकटीला जमतंय असं केंद्राच्या बाईंना वाटलं, तर घर तिचं. नाहीतर तिने आमच्याकडे राहायला यायचं.

"रोज उठून तुझी मतं ऐकायची," ताई म्हणाली, "त्यापेक्षा मी काय वाटेल ते शिकेन."

तिची मागणी साधी होती. दिव्यांची बटणं चाकाच्या खुर्चीतून हात पुरेल इतकी खाली घ्यायची आणि दाराला लांब दांडीची कडी लावायची.

"बटणं? ताई, तू नुसतं बोलायचं, घर ऐकेल."

"तू कधी ऐकलं नाहीस, घर काय ऐकणार?"

मी दिवे, पंखा, पडदे, पलंग, दाराचं कुलूप असं सगळं एका पांढऱ्या डब्याला जोडलं. डबा हुकूम पाळायचा. अडचण एवढीच, की ताई हुकूम सोडेना. आमच्या घरात कुणी कुणाला सरळ काम सांगितल्याचं मला आठवत नाही. आई "वारा सुटलाय वाटतं" म्हणायची आणि बाबा उठून खिडकी लावायचे. तशी ताई "अंधारून आलंय" म्हणून डब्याकडे बघत बसायची. डबा ढिम्म.

"अगं, 'दिवा लाव' असं म्हण."

"असं कसं म्हणू? नोकर आहे का तो?"

मग मी डब्याला आमच्या घरचं बोलणं शिकवलं. 'उकडतंय' म्हटलं की पंखा. 'डोळ्यांवर ऊन येतंय' म्हटलं की पडदे. 'पाठ धरली' म्हटलं की पलंग आडवा. आणि 'चला, निघते' हा तर माझा मुकुटमणी. त्यावर दार उघडायचं, दिवे-पंखे बंद व्हायचे, जरा वेळाने दार लागून कुलूप पडायचं आणि घर रिकामं समजून पहारा सुरू व्हायचा. आत काही हललं, की भोंगा. परत आल्यावर दाराबाहेर लावलेल्या, आवाज टिपणाऱ्या डबीपाशी 'हुश्श, आले बाई' म्हटलं की सगळं पूर्ववत.

"त्याला फक्त माझाच आवाज ओळखू दे," ताई म्हणाली.

"का गं? पाहुण्यांनाही मजा येईल."

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा परत घेतलं आहे.

केंद्राच्या बाई आल्या. जाड चष्मा, काखेत फाइल, चेहऱ्यावर नकाराची पूर्वतयारी. आल्या आल्या म्हणाल्या, "काय उकडतंय आज." पंखा असा सुटला, की फाइलमधले कागद थव्याने उडून कपाटावर जाऊन बसले. मी नम्रपणे जमिनीकडे बघितलं.

मग त्या पलंग तपासायला म्हणून त्याच्या उंच केलेल्या भागाला टेकून बसल्या. "सकाळपासून हिंडून हिंडून पाठ धरली हो माझी." पलंग बाईंना घेऊन सावकाश आडवा झाला.

"सोयीचं आहे," त्या छताला म्हणाल्या. "फक्त डोळ्यांवर ऊन येतंय."

पडदे सर्रकन बंद झाले.

"पाहुण्यांना मजा येतेय ना रे?" ताईने दात आवळून विचारलं. तिचं घर त्या पलंगावर आडवं पडलं होतं.

बाई उठल्या, कागद गोळा केले आणि म्हणाल्या, "चला, निघते मी."

आणि अर्थातच थांबल्या. 'निघते' हा आपल्यात निरोपाचा पहिला शब्द असतो. त्यानंतर गुडघे होतात, पोरांच्या परीक्षा होतात, मग माणूस दारापर्यंत पोचतो आणि खरी महत्त्वाची गोष्ट तिथे निघते. डब्याला मी हे शिकवलं नव्हतं. दार उघडलं, दिवे गेले, मग वाट पाहून दार लागलं. कुलूप पडलं. पडदे बंदच होते, त्यामुळे आत मिट्ट काळोख.

"तर मी काय म्हणत होते," बाई अंधारात म्हणाल्या आणि त्यांनी हात हलवला.

भोंगा वाजला. मी मुद्दाम मोठा आणला होता. शेपटीवरून ट्रक गेलेल्या हत्तीसारखा तो ओरडू लागला.

"हुश्श, आले बाई!" मी किंचाळलो. डब्याने दाद दिली नाही. ते बाहेरून म्हणायचं होतं, आणि आम्ही तिघंही आत.

"अरे शहाण्या, ऐक तरी, मी काय म्हणते..."

"घाबरू नकोस ताई, मी आहे ना!" असं म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चढलो. निम्मा बाहेर गेलो आणि कुणीतरी कॉलर धरली. चौकीदार.

"मी घरचाच आहे."

"घरचा माणूस खिडकीतून येतो?"

"येत नाहीये, जातोय. दारापाशी जाऊन 'हुश्श, आले बाई' म्हणायचंय."

त्याने दुसऱ्या हातानेही मला धरलं.

तेवढ्यात भोंगा थांबला आणि दार उघडलं. दारात ताईची खुर्ची, मांडीवर तिची वस्तू उचलायची चिमट्याची काठी. त्या काठीने तिने मेन स्विच खाली पाडला होता. वीज गेली की कुलूप आपोआप सुटतं, हे मीच तिला फुशारकी मारताना सांगितलं होतं. माझ्या सगळ्या बोलण्यातलं तिने तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

"याला ओळखता का?" चौकीदाराने विचारलं.

ताईने मला नीट न्याहाळलं. "बघितल्यासारखा वाटतोय."

बाई केस सारखे करत तिच्यामागून आल्या. ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "मग... घराचं काय?"

"अंधार, कानाशी भोंगा, वर दोन घाबरलेली माणसं, आणि तुम्ही शांतपणे मार्ग काढलात," बाई म्हणाल्या. "तुम्ही खुशाल एकट्या राहा. यांना मात्र एकटं सोडू नका."

घर ताईचं झालं. बटणं खाली आली, दाराला लांब कडी लागली. मतभेद मिटल्याचं बायकोने जाहीर केलं. डबा तेवढा ताईने काढू दिला नाही. आता तो एकच वाक्य ओळखतो, तेही फक्त माझ्या आवाजातलं.

परवा तिच्याकडे चहा झाल्यावर मी सवयीने "चला, निघतो मी" म्हणालो आणि पाय पसरून बसलो. डोक्यावरचा दिवा गेला, पंखा थांबला, दार उघडलं.

"ये हं परत," ताई म्हणाली.

मी निघालो. दारात उभं राहून एक महत्त्वाचं मत सांगायचं राहून गेलं, पण भोंगा तिने काढलाय की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.