जिलेबी न खाल्लेला माणूस

नळदुर्गच्या एका मुलींच्या शाळेची नवी हरित इमारत बांधून, रंगवून, पुसून तयार होती. फक्त तिच्यात पाऊल टाकायला मनाई होती. हवा खेळते का, दिवे-पंखे ठरल्याप्रमाणे चालतात का, हे आधी कार्यान्वयन पथकानं तपासायचं होतं. पथकाचा प्रमुख अनुभवी असावा आणि इमारतीशी त्याचा कसलाही संबंध नसावा, असा नियम होता.

तोवर शाळा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. एप्रिल तापला होता. मुख्याध्यापिका शाहीन मॅडम मुलींच्या तोंडावर पाणी मारायच्या, खिडकीतून दिसणाऱ्या नव्याकोऱ्या बंद पंख्यांकडं बघायच्या आणि चडफडायच्या. शेवटी त्या समन्वय अधिकारी राजशेखर यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, नकाशा महांतप्पा इंजिनिअरनी काढलाय. त्यांनाच नेमा की."

"आपलाच पेपर आपणच तपासायचा व्हय, मॅडम?"

हे शाहीन मॅडमना पटलं. शिक्षिकेला असली वाक्यं पटकन पटतात.

"मग मी बघते. पंखा फिरतोय का न्हाय, एवढं कळतंय मला."

"तुम्ही लाभार्थी. लाभार्थ्याला वारं हाय त्यापेक्षा जास्तच वाटतं."

गावातला दुसरा कुणी घ्यावा, तर राजशेखर एकच प्रश्न विचारत, "स्लॅबची जिलेबी खाल्ली का?" स्लॅब ओतला त्या दिवशी ठेकेदारानं रीतीप्रमाणे गावभर जिलेबी वाटली होती. खाणारा ठेकेदाराचा मिंधा, म्हणून बाद. पाहुण्यांकडं पुडे गेल्यामुळं शेजारचं जळकोट गावही बाद झालं.

शाहीन मॅडमनी गाव पालथं घातलं आणि निवृत्त अभियंते धोंडप्पा यांना शोधून काढलं. त्यांना साखरेचा आजार होता. त्यांनी जिलेबीला हात लावला नव्हता. मॅडमना आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं.

"याआधी हरित इमारत तपासली का?" राजशेखरांनी धोंडप्पांना विचारलं.

"जिल्ह्यात दुसरी कुठाय, सर? आमच्या भागात हीच पहिली."

"मग ही चालू होऊ द्या. हिच्यात अनुभव घ्या, आन् मग हीच तपासायला या."

त्याच दुपारी सहावीतली अलिजा फळ्यापुढं चक्कर येऊन पडली. राजशेखर धावत आले. माणूस वाईट नव्हता. पोरीला त्यांनी नियमांच्या फाईलनंच वारा घातला. मॅडमना त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"माझा बी जीव तुटतोय मॅडम," ते म्हणाले. "वरून सवलत आलीय. अनुभवाची अट काढली. पण धोंडप्पा पडले गावचेच. आता फक्त असा माणूस पायजे, की ज्याचा हिथं कुणाशी काही संबंध न्हाय. सगळं बघंल, पण जागचा हलणार न्हाय. कुठं मिळंल असला?"

"लई मिळतील, सर."

शाहीन मॅडमनी अलिजाचं डोकं मांडीवर घेतलं, मान वर केली आणि सरळ तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पंख्याखाली बसला होता. जिलेबीला हसला होता. पोरगी पडली तेव्हा तुम्ही पुढची ओळ वाचायला घेतली होती.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "हे मघापासून हितंच हायेत."

राजशेखरांनी तुम्हाला नीट न्याहाळलं. त्यांचा चेहरा उजळला. कार्यान्वयन पथकाचे प्रमुख म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. हरकत घेण्याची मुदत होती, पण आपण काही बोललाच नाहीत.