पोटभर तेल

मशीनकाकांच्या मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "रविवारी मी येते. तुमच्या शेजारी बसून एक फेरी मारते. मला पटलं तर गाडी तुमची. नाही पटलं तर किल्ली माझी. गिऱ्हाईक तयार आहे."

"काय पटायला हवं?" हे मशीनकाकांनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. हो म्हणाले आणि फोन ठेवला.

मशीनकाका म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. गाडी त्यांच्या बायकोची. दोनच माणसं बसतील अशी, लाल, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि बाहेर यायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायचा. काकूंनी नोकरी संपल्यावर ती जुनी गाडी हौसेनं घेतली. चालवायच्या त्या, काका शेजारी बसायचे. काकू गेल्या वर्षी गेल्या. मग काकांनी चालवायला शिकून लायसन्स काढलं. सीट मात्र काकूंच्या उंचीचीच राहिली. काका उंच. गुडघे स्टीअरिंगला लागायचे, पण सीट मागे सरकवायचं त्यांनी कधी मनात आणलं नाही. दर रविवारी तळ्यापर्यंत जायचं, थोडा वेळ बसायचं आणि परत यायचं. त्यांच्या आठवड्यात दुसरं काही नव्हतं.

आता गाडी पास व्हायची तर तिच्यात खोट नको. जावई मागे एकदा बॉनेट उघडून म्हणाले होते, "बाबा, एअर फिल्टर पार चोंदलाय. हिला श्वासच घेता येत नाही." काकांनी ते मनावर घेतलं आणि सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे टर्बो म्हणत.

"गाडी कुठली, काका?"

"लाल."

"रंग नाही हो, मॉडेल!"

काकांनी फोनवरचा फोटो दाखवला. टर्बो उठून उभा राहिला. "ही तुमची?"

"बायकोची."

"वा! काकू चालवतात?"

"चालवायच्या."

टर्बो परत खाली बसला. मग धंद्याच्या माणसाला सहानुभूती जशी दाखवता येते तशी त्यानं दाखवली. "मग साधा फिल्टर लावायचाच नाही. बोला, आवाज हवा की ताकद?"

"मला मुलीची खात्री पटवायची आहे."

"मग दोन्ही घ्या."

काउंटरवर फिल्टर मांडले गेले. कागदाचा, फोमचा, कापडी जाळीचा. टर्बो प्रत्येकाचे गुण सांगू लागला, पण काकांनी त्यांची स्वतःची पद्धत काढली. कापड पारखावं तसा त्यांनी एकेक फिल्टर उजेडात धरला, चिमटीत चोळला आणि तोंडाला लावून आरपार फुंकर मारली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हातातली खरेदी विसरून बघत राहिली.

"कागदाला धाप लागते," काका म्हणाले. "हा फोमचा भांडी घासायला बरा. आणि ही जाळी तर मलमल आहे हो! फुंकर सरळ पलीकडे जाते."

"नजर आहे तुमची! जन्मभर टिकेल. धुवायचा, वाळवायचा आणि थोडं तेल द्यायचं. तेलावर धूळ चिकटते, हवा आत जाते."

तेलाचं नाव निघताच काकांचा चेहरा उजळला.

"पहिल्या वेळी मीच लावून देऊ का तेल?" टर्बोनं विचारलं.

"तेल? मला?" काका हसले. "माशाला पोहायला शिकवा."

काकांच्या धंद्यात एकच धर्म होता. आयुष्यभरात जेवढी मशीनं त्यांच्या टेबलावर मरून आली, ती सगळी कोरडी पडून मेली. तेल जास्त झालं म्हणून मेलेलं मशीन त्यांनी पाहिलं नव्हतं. फिल्टरच्या खोक्यात चिठ्ठी होती. तेलाचा अगदी हलका हात फिरवावा, असं तिच्यात लिहिलं होतं. "कंपन्या कंजूष असतात," काका म्हणाले आणि सोबत आलेली बाटली फिल्टरवर उपडी केली. एक कोपरा तरीही फिकट दिसत होता. तिथं त्यांनी स्वतःच्या डब्यातलं मशीनचं तेल घातलं. फिल्टर बसवला. जुना फिल्टर त्यांनी सकाळीच कचऱ्याच्या गाडीत टाकला होता, कारण घरात चोंदलेली वस्तू ठेवू नये.

गाडी सुरू झाली आणि समोर एक पिवळा दिवा लागला. नवीन माल बसवल्याची नोंद घेतली असेल, असं काकांना वाटलं. ते कोपऱ्यापर्यंत गेले. गाडी खोकली. ॲक्सिलरेटर दाबला तर पुढं जायच्या ऐवजी तिनं सुस्कारा सोडला. काकांनी परत येऊन निदान केलं. तेल कमी पडलं. मग त्यांनी आणखी घातलं.

दुसऱ्या फेरीत गाडी कोपऱ्यापर्यंतही गेली नाही. काकांनी टर्बोला फोन लावला.

"काका, तेल किती घातलंत?"

"पोटभर."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग टर्बो म्हणाला, "अहो, हवा मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्यावर तेल गेलं की तो आंधळा होतो. मग गाडी जिवाच्या भीतीनं रांगते. साफ करायचा स्प्रे आहे माझ्याकडे, पण मी आत्ता गावाला निघालोय. सोमवारी या."

"मुलगी उद्या येतेय."

"मग काका, उद्या उतारानं जा."

उतार कुठं नव्हता. काकांनी फिल्टर काढून भांड्यांच्या साबणानं धुतला, कपडे वाळत घालायच्या दोरीवर दोन चिमट्यांनी टांगला आणि जुन्या टॉवेलनं पुसला. फिल्टर सुधारला. सेन्सर आंधळा तो आंधळाच राहिला.

रविवारी मुलगी आणि जावई आले. मुलगी चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसली. तिनं पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि दरवाजाचं हँडल घट्ट धरलं.

"चला, बाबा. नेहमी जाता तसंच जायचं. मी बसलेय म्हणून नाटक नको."

काकांनी मनातल्या मनात बायकोची माफी मागितली आणि गाडी काढली.

गाडी चालली, म्हणजे सरकली. फाटकापाशीच एक सायकलवाला घंटी वाजवून पुढं गेला. मग धापा टाकत पळणारे एक गृहस्थ पुढं गेले. मग बाळाची ढकलगाडी घेतलेली एक बाई बराच वेळ शेजारून चालली. बाळ काकांकडे पाहून हसलं, आणि तीही पुढं गेली. काकांच्या कपाळावरून घाम गळत होता. ते समोरच पाहत होते, कारण मुलीकडे पाहायचं धाडस नव्हतं. तिनं तोंड उघडलं की किल्ली गेली.

तळं आलं. काकांनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्यांनी चोरून पाहिलं. मुलीचा हात हँडलवरून सुटला होता. ती खिडकीतून पाण्याकडे पाहत होती.

घरी येताच काकांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि तिच्यासमोर धरली. "घे. शब्द म्हणजे शब्द."

तिनं किल्ली घेतली नाही. काकांची मूठ मिटली.

"नेहमी एवढ्याच वेगानं जाता?"

"आज... हो, आज एवढ्याच."

"मला रविवारी झोप लागत नाही, बाबा. तुम्ही या वयात गाडी शिकलात, तीही असली. आई गेली, आता तुम्ही पण कुठल्या खांबावर..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि नाक पुसलं. "मला वाटायचं तुम्ही उडवत असाल. याच्यापेक्षा बैलगाडी परवडली हो! ठेवा तुमच्याकडे. फक्त एक करायचं. हिच्यात काडीचीही सुधारणा करायची नाही. आहे तशी राहू दे."

ती आत चहा ठेवायला गेली. तिच्या चालीतलं ओझं उतरल्याचं मागूनही दिसत होतं.

जावयांनी एवढ्यात बॉनेट उघडलं होतं. त्यांनी आत एक बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, इथं भजी तळता येतील."

"हळू बोला."

"सेन्सर साफ केला की गाडी तीरासारखी सुटेल. एका स्प्रेचं काम आहे. आणू उद्या?"

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली. आत मुलगी कपबशा काढता काढता कुठलंसं गाणं गुणगुणत होती.

"उद्या नको," ते खालच्या आवाजात म्हणाले. "उद्या ती फोन करून विचारणार, गाडी तशीच आहे ना म्हणून. खोटं बोलणं माझ्या जिवावर येतं. परवा आणा."