शालिनीचा झ

संगणकावर नवं काही टाकताना सगळं जग डोळे मिटून ‘मान्य आहे’वर बोट मारतं. आमचे विनूभाऊ चष्मा पुसतात आणि लायसनच्या अटी वाचायला घेतात. मोठ्यानं. काउंटरवर नवरदेवाचा मामा ताटकळत असला तरी.

खामगावात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. विनूभाऊ तिथे पत्रिकांची अक्षरं जुळवतात. मी चांगलं विकतचं सॉफ्टवेअर आणलंय. ते त्याला शिवत नाहीत. त्यांच्या मशीनवर सगळं ओपन सोर्स.

“म्हणजे फुकटचं,” मी म्हणतो.

“फुकट अलग, मोकळं अलग! उघडून पाहा, बदलवा, वाटा. तुमच्याले तं कुलूप हाय!”

पण छपाईला फाइल जाते ती माझ्या कुलूपवाल्यातूनच. तिथे त्यांची फाइल उघडली की वेलांट्या गावभर फिरायला निघतात. एका किशोरचा ‘कशिोर’ झाला आणि पत्रिका वाटूनही झाल्या. विनूभाऊ थंड. “तुमच्या सॉफ्टवेअरले विचारा.” त्या किशोरच्या बापाला काय सांगू, ते मात्र कुणी सांगेना.

परवा तर कहर झाला. झाडे आडनावाचे वधूपिता नमुना नाचवत आले. “हा झ हाय का मेलेला इच्चू?”

झ खरंच भयंकर होता. फॉन्ट विनूभाऊंनी स्वतः बनवलेला, ‘शालिनी’ नावाचा. बाकी अक्षरं कशी गोल, देखणी! मी भडकलो. “विनूभाऊ, हा झ सुधरवा. नाही तं मी दुसऱ्याकडून सुधरवून घेतो. कोनीबी बदलवा म्हणता ना तुम्ही?”

“हाव, बदलवा ना. पन बदलवलं का फॉन्टचं नाव दुसरं ठेवा लागते. लायसनमधे मीच अट टाकली.”

“मंग ठेवू दुसरं!”

त्यांनी नमुना हातात घेतला. “तुमच्या वहिनीचं नाव हाय ते.”

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं. हळद, तिखट, शेंगदाणे, अशा डब्यांवर त्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून विनूभाऊंनी एकेक अक्षर उचललं होतं. झ असलेला डबाच घरात नव्हता. तेवढा त्यांनी आपल्या हातानं काढला.

मला फार वाईट वाटलं. झाडेंची पत्रिका मी माझ्या सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्या फॉन्टात करून दिली. ‘शालिनी’ला हात लावला नाही. छापलेली प्रत विनूभाऊ बराच वेळ बघत राहिले.

“झ चांगला हाय,” ते म्हणाले. “तिचा कसा होता, मले आठवूनच नाही राह्यला.”